झाड, फांदी आणि वीण

पारिजातकाचें झाड पुष्कळांच्या अंगणांत असतें. वनस्पतिशास्त्रांत त्याचें नांव 'निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस' असें आहे. 'आर्बर' म्हणजे झाड आणि 'ट्रिस्टिस' म्हणजे उदास. हे दोन्ही शब्द लॅटिन आहेत, आणि रात्रीं उमललेलीं फुलें पहांटे गाळून टाकणाऱ्या झाडाला ते शोभतातही. हाच 'आर्बर' मनुष्याच्या मस्तकांतही सांपडतो. लहान मेंदू मधोमध कापला असतां आंत पांढऱ्या द्रव्याची सुबक डहाळी पसरलेली दिसते. तिला शारीरशास्त्रज्ञांनीं 'आर्बर व्हायटी', म्हणजे जीवनवृक्ष, असें म्हटलें.

लॅटिन ही युरोपांतील विद्वानांची समाईक भाषा होती. लिनिअसनें १७५३ सालीं वनस्पतींना दोनपदी लॅटिन नांवें देण्याची रीत रूढ केली; बाझल येथें १८९५ सालीं शरीराच्या अवयवांच्या लॅटिन नांवांची एक यादी ठरली. दोन्ही शास्त्रांनीं एकाच भांडारांतून शब्द उचलले. 'रेडिक्स' म्हणजे मूळ, 'ट्रंकस' म्हणजे खोड, 'रेमस' म्हणजे फांदी. पुष्कळ फांद्यांच्या वनस्पतीला 'रॅमोसस' हें विशेषण लावतात, आणि खालच्या जबड्याचा मागील उभा भागही 'रेमस'च होय.

ही कल्पना केवळ युरोपची आहे असें मात्र नव्हे. सुश्रुतसंहितेंत शरीराचीं सहा अंगें सांगितलीं आहेत: चार शाखा, मध्यभाग आणि शिर. या चार शाखा म्हणजेच हात आणि पाय. दोन दूरच्या भाषांना मनुष्यदेह पाहून झाडच आठवलें, यांत नवल नाहीं. दोन्ही ठिकाणीं एका बुंध्यापासून अनेक टोकांपर्यंत जीवन पोंचवावयाचें असतें.

परंतु झाडाची उपमा एका ठिकाणीं अपुरी पडते. झाडाच्या फांद्या एकदां फुटल्या कीं सहसा पुन्हा एकत्र होत नाहींत. हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचें तसें नाहीं. मानेच्या खालच्या भागापाशीं पांच मुळें निघतात. त्यांचीं तीन खोडें होतात. प्रत्येक खोडाचे दोन याप्रमाणें सहा फाटे फुटतात. ते फाटे पुन्हा जुळून तीन जुड्या बनतात, आणि त्यांतून पांच मुख्य फांद्या खांद्यापासून बोटांपर्यंत जातात. या रचनेला लॅटिनमध्यें 'प्लेक्सस' म्हणतात. तो शब्द विणणें, गुंफणें या अर्थाच्या धातूपासून आला आहे. ज्या सोलापुरांत चादरीच्या विणीवर कित्येक पिढ्यांचा संसार चालला, तेथें या शब्दाचा अर्थ निराळा शिकवावा लागूं नये.

आणखी एक गंमत अशी कीं, शरीरांतील पेशींच्या समूहाला इंग्रजींत जो 'टिश्यू' शब्द आहे, तोही विणण्याच्या लॅटिन धातूपासून फ्रेंचमार्गें आलेला आहे. आणि मराठींत त्यासाठीं योजलेला 'ऊती' हा संस्कृत शब्दही विणण्याचाच वाचक आहे. नव्या शब्दानें जुना अर्थ जसाच्या तसा राखला!

शब्दांचा हा नेमकेपणा निव्वळ विद्वत्तेची हौस नव्हे. अपघातांत खांदा जोरानें ओढला गेला आणि हात लुळा पडला, तर वैद्यानें प्रथम ठरवावयाचें असतें तें हेंच: इजा मुळाला कीं फांदीला? मूळच मज्जारज्जूपासून उपटलें असेल, तर तें आपोआप पुन्हा जोडलें जात नाहीं. इजा पुढल्या भागांत असेल, तर कांहीं वेळां मज्जातंतु स्वतः सुधारतो, कांहीं वेळां शस्त्रक्रियेनें सांधतां येतो. एका मनुष्याचा हात, आणि त्या हातावर चालणारें घर, या दोन शब्दांतील भेदावर अवलंबून असतें.

म्हणून विद्यार्थ्यानें 'रेडिक्स', 'ट्रंकस', 'रेमस' हे शब्द मंत्रासारखे घोकूं नयेत. परदेशी नांव अवश्य पाठ करावें, कारण जगभर तेंच चालतें. पण त्याच्याजवळ मूळ, खोड, फांदी हे घरचे शब्दही ठेवावेत. नांवाचा अर्थ मनांत उतरला म्हणजे नुसती यादी राहत नाहीं. ती अंगणांतल्या झाडाप्रमाणें डोळ्यांपुढें उभी राहते, आणि तिची कोणती फांदी कोठून निघाली हें विसरूं म्हटलें तरी विसरतां येत नाहीं.