लहान होडी आणि मोठी युद्धनौका

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, युद्धनौका म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें लांब पल्ल्याच्या तोफा आणि पोलादी चिलखत उभें राहतें. अशा नौकेनें एखाद्या लहानशा होडीला भ्यावें, हें प्रथम खरें वाटत नाहीं. परंतु ही भीति जवळजवळ दीडशें वर्षांची जुनी आहे. १८७८ सालच्या जानेवारींत बातूम बंदराजवळ रशियन नौदलाच्या वाफेच्या होड्यांनीं टॉर्पेडो सोडून ‘इन्तिबाह’ हें तुर्की जहाज बुडविलें. मग मोठ्या जहाजांवर भराभर गोळे झाडणाऱ्या हलक्या तोफा आल्या, रात्रीं पाणी उजळणारे शोधदिवे आले, भोंवतीं लोखंडी जाळीं सोडण्यांत येऊं लागलीं. टॉर्पेडो-होड्यांचा समाचार घेण्यासाठीं ब्रिटिशांनीं १८९३ सालीं ‘हॅवॉक’ ही वेगवान नौका पाण्यांत उतरविली. आजच्या विनाशिका तिच्याच वंशांतल्या होत.

तरीही संकट टळलें नाहीं. १९४१ च्या मार्चमध्यें क्रीट बेटाच्या सूडा उपसागरांत इटालियन नाविकांनीं स्फोटकांनीं भरलेल्या सहा होड्या अडथळे ओलांडून आंत आणल्या, ऐन वेळीं स्वतः पाण्यांत उड्या घेतल्या, आणि ‘यॉर्क’ ही ब्रिटिश क्रूझर कायमची निकामी केली.

आतां बचाव कसा करितात तें पाहूं. मुख्य प्रश्न वेळेचा आहे. ताशीं ४० सागरी मैल वेगाची होडी एक सागरी मैल अवघ्या दीड मिनिटांत कापते. त्यांतून लाकडी होडी लाटांच्या गर्दींत रडारला नीट दिसत नाहीं. म्हणून नौकेभोंवतीं बचावाचीं एकामागून एक कडीं आंखलेलीं असतात. सर्वांत बाहेर हेलिकॉप्टर व गस्तीच्या होड्या; मग बिनतारी यंत्रावरून इशारा, भोंगा, ध्वनिक्षेपक आणि डोळे दिपविणारा प्रकाश; तरीही होडी वळली नाहीं तर तिच्यापुढें पाण्यांत इशाऱ्याच्या फैरी; आणि शेवटीं मशीनगन व शीघ्र तोफा. नौका स्वतःही वेग वाढवून अशी वळते कीं, अधिकांत अधिक तोफांचा मारा त्या बाजूस व्हावा.

बंदरांत मात्र हें सारें लंगडें पडतें. १२ ऑक्टोबर २००० रोजीं एडनच्या बंदरांत ‘कोल’ ही अमेरिकन विनाशिका तेल घेत असतां एक लहान होडी शांतपणें तिच्या कुशीला येऊन भिडली. बंदरांतल्या कामाच्या होड्यांपैकींच ती एक असावी असें वाटलें. तोंच स्फोट झाला आणि १७ नाविक प्राणांस मुकले. तोफा जागच्या जागीं राहिल्या. त्यानंतर तरते अडसर, सशस्त्र पहारा आणि रक्षक होड्या यांवर अधिक भर देण्यांत आला.

परंतु या पहाऱ्याची किंमत कधीं निरपराध्यांनाही द्यावी लागते. १६ जुलै २०१२ रोजीं दुबईच्या जेबेल अली बंदराजवळ ‘रॅपहॅनक’ या अमेरिकन नौदलाच्या तेलवाहू जहाजावरून जवळ येणाऱ्या एका होडीवर गोळ्या झाडण्यांत आल्या. होडींत भारतीय मच्छीमार होते. एक ठार झाला, तिघे जखमी झाले. इशारे दिले होते, असें अमेरिकन नौदलानें सांगितलें. आम्हांस कोणताही इशारा मिळाला नाहीं, असें वांचलेल्यांनीं सांगितलें.

श्रोतेहो, मुंबईच्या आरमारी गोदीच्या आसपास आपल्या कोळीबांधवांच्या होड्या नित्य ये-जा करतात. तेव्हां हा प्रश्न आपणांस परका नाहीं. पहारेकऱ्याला निर्णयासाठीं कांहीं क्षणच मिळतात. दूरवरची गस्त, इशारे आणि अडसर यांचें काम ते क्षण वाढविणें हें आहे. मात्र तो इशारा होडींतल्या माणसाला ऐकूं गेला पाहिजे आणि त्याला कळणाऱ्या भाषेंत दिला गेला पाहिजे.