घर आपलं, कारखाना कुणाचा?

(आसगाव, जि. भंडारा येथे बिडी वळणाऱ्या महिलांपुढे केलेले भाषण)



एम.एस.डब्ल्यू. करताना मी याच भागात घरोघर फिरले. एका बाईला विचारलं, ‘काय काम करता?’ ती म्हणाली, ‘काम कुठलं? मी घरीच असते.’ मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता नि जर्दा, हात एकसारखे चालू. शेजारी झोळीत तान्हं बाळ. दिवसभर बिड्या वळणारी ही बाई स्वतःला कामगार समजत नव्हती.

कायद्याने तिला कामगार मानलं होतं. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्यात ठेकेदाराचा माल घरी नेऊन वळणारीही कामगारच होती. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला भविष्य निर्वाह निधीचा हक्क दिला. पण त्याच कायद्यातली हवा, स्वच्छता, पाळणाघर यांची कलमं ‘औद्योगिक जागे’साठी होती आणि राहतं घर त्यातून वगळलेलं होतं. म्हणजे आपले हात कायद्यात आले, फुफ्फुसं बाहेरच राहिली!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. तिच्यातही घरी माल देऊन बिड्या वळून घ्यायची मुभा आहेच. जर्द्याची धूळ श्वासातून जाते, निकोटीन कातडीतून अंगात शिरतं. मळमळ, चक्कर, खोकला, पाठदुखी. आपण म्हणतो, ‘बाईच्या जातीला हे चालायचंच.’

मग निरीक्षकाने आपल्या चुलीपर्यंत यावं का? मला ते रुचत नाही. गरिबाच्या घरात चुका काढून दोष तिच्याच माथी मारायला वेळ लागत नाही. म्हणून मागणी नीट मांडू या. जबाबदारी घराच्या मालकिणीची नव्हे, मालाच्या मालकाची. ज्याचा जर्दा, त्याची धूळ. वस्तीत हवेशीर शेड, पाळणाघर, वर्षातून एकदा तपासणी, खर्च त्याचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा करार क्र. १७७ हेच सांगतो, की सुरक्षा-आरोग्याचे कायदे घरी होणाऱ्या कामालाही लागू असावेत. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

आज घरी गेल्यावर आपलं कार्ड काढा. वळते बाई आणि नाव नवऱ्याचं असेल, तर आधी ते बदलायला लावा. नाव नसेल तर हक्क मागणार कशाच्या जोरावर?

आणि पुन्हा कुणी विचारलं तर ‘घरीच असते’ म्हणू नका. म्हणा, ‘घरी काम करते.’