आंखूड नळी आणि नेमाची दुरुस्ती

'नाचतां येईना, अंगण वांकडें' ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु कधीं कधीं अंगण खरोखरच वांकडें असतें. अमेरिकेंतील तरफेच्या आंखूड रायफलीच्या बाबतींत हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो.

चापाभोंवतालची तरफ खालीं ओढून वर घेतली कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें व नवें नळींत बसतें, अशी या बंदुकीची रचना आहे. जॉन ब्राउनिंग यानें योजिलेले विंचेस्टर कंपनीचे १८९२ व १८९४ सालचे नमुने विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांच्या कार्बाईनची नळी सामान्यतः २० इंचांची. परंतु दाट अरण्यांत सापळे लावणाऱ्यांसाठीं ती १४, १५ किंवा १६ इंचांचीही मिळत असे. १९३४ च्या कायद्यानें तेथें रायफलीच्या नळीस किमान १८ इंचांची मर्यादा घातली. १९६० सालीं ती १६ इंचांवर आली.

नेम धरणें म्हणजे मागची खांच, नळीच्या टोंकावरील माशी व लक्ष्य हीं एका रेषेंत आणणें. नळी आंखूड झाली कीं खांच व माशी यांतील अंतर घटतें आणि तेथील सूक्ष्म चूक लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. तिचा परिणाम मुक्या प्राण्यास भोगावा लागतो. सहा इंच ढळलेल्या गोळीनें हरिण तत्काळ मरत नाहीं. जखमी होऊन झाडींत शिरतें आणि तडफडत राहतें.

म्हणून प्रथम दोष कोणाचा, हें ठरवावें. बंदुकीचा पुढचा लांकडी भाग वाळूच्या पिशवीवर टेकवावा, काडतुसें एकाच जातीचीं घ्यावीं आणि नळी निवूं देत ५० वारांवर गोळ्या झाडाव्या. नळीखालीं काडतुसांची नलिका पट्ट्यांनीं जखडलेली असते. नळी तापली कीं तेथें ताण पडून गोळीची जागा बदलूं शकते. गोळ्या विखुरल्या, तर हात किंवा काडतूस तपासावें. त्या एकाच ठिकाणीं, परंतु लक्ष्याबाहेर लागल्या, तरच खांच व माशी दोषी.

मग शाळेंतील त्रैराशिक उपयोगीं पडतें. खांच व माशी यांत १५ इंच अंतर आहे आणि ५० वारांवर, म्हणजे १८०० इंचांवर, गोळी ६ इंच उंच लागते असें समजूं. सहाला पंधरांनीं गुणून अठराशेंनीं भागलें असतां इंचाचा विसावा भाग येतो. दुरुस्ती तेवढीच! हेंच अंतर २० इंच असतें, तर पंधरावा भाग लागता.

खांच ज्या दिशेस सरकवावी त्या दिशेस गोळी सरकते. माशीचें मात्र उलट. गोळी उंच लागत असेल, तर खांचेखालील पायऱ्यांची पट्टी सरकवून खांच उतरवावी. ती तळाशीं पोंचली असल्यास अधिक उंच माशी बसवावी. गोळी खालीं लागत असेल, तर खांच चढवावी किंवा माशी कानशीनें घासावी.

येथेंच उतावळा मनुष्य फसतो. घासलेलें पोलाद परत येत नाहीं. कानशीचे दोन हात फिरवावे, पुन्हां तीन गोळ्या झाडून पाहावें, मगच पुढें जावें. अंगण वांकडें असलें तरी तें मोजल्यावांचून खणूं नये.