अनेक कान, एक ठोका

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या मंडळाने स्वतःच्या गायक-वादकांचे ध्वनिमुद्रण करून ठेवण्याचे ठरविले आहे. त्यात आरत्या आहेत, भावगीते आहेत, आणि तरुण मंडळींच्या आग्रहावरून पाश्चात्त्य ड्रम-संचाच्या साथीने गायिली जाणारी दोन समूहगीतेही आहेत. या ड्रम-संचासाठी आठ-दहा मायक्रोफोन भाड्याने आणावेत, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. एवढा खर्च कशाला, असा दुसऱ्याचा सवाल आहे. निर्णय घेण्यापूर्वी या प्रश्नाची शास्त्रीय बाजू सोप्या शब्दांत मांडावी, अशी सूचना मला झाली. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. मायक्रोफोन किती, हा खरा प्रश्न नव्हेच. जितके असतील तितक्यांचे एकमेकांशी पटते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

ड्रम-संच म्हणजे एकाच वादकाने हातापायांनी सांभाळायचा वाद्यमेळ. पायाने वाजणारा मोठा बेस ड्रम, गुडघ्यांपाशी ठेवलेला आणि खालच्या पडद्यावर तारा ताणलेला स्नेअर, लहानमोठे टॉम, हाय-हॅटची जोडथाळी आणि वर टांगलेल्या सिंबल्स. ही सारी वाद्ये दीड-दोन मीटरच्या घेरात दाटीने बसलेली असतात. त्यामुळे एका वाद्यासाठी लावलेला मायक्रोफोन शेजारच्या सर्व वाद्यांचे बोलणे ऐकतच राहतो. स्नेअरवर पडलेला एकच ठोका सगळ्या मायक्रोफोनांना ऐकू जातो. मात्र सर्वांना एकाच क्षणी नव्हे.

नेमकी येथेच अडचण उभी राहते. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानात ध्वनी एका सेकंदास सुमारे ३४३ मीटर धावतो. म्हणजे ३४ सेंटिमीटर जाण्यास त्यास सेकंदाचा एक हजारावा भाग लागतो. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील भरती-ओहोटी. एका मायक्रोफोनपाशी भरती असताना दुसऱ्यापाशी ओहोटी असेल आणि त्या दोघांचे विद्युत्प्रवाह आपण तारेत एकत्र केले, तर ते एकमेकांस खाऊन टाकतात. भरतीशी भरती जुळली तर आवाज वाढतो. चढउताराच्या चक्रात लहर कोणत्या टप्प्यावर आहे, यास पदार्थविज्ञानात 'कला' म्हणतात; स्टुडिओतील मंडळी सरसकट 'फेज' म्हणतात. चंद्राच्या कला म्हणताना आपण हाच अर्थ मनात धरतो.

कोणी विचारील, आपल्यालाही दोन कान आहेत, मग आपले काही बिघडत नाही ते का? याचे कारण असे की, दोन कानांनी ऐकलेले मेंदूकडे वेगवेगळे पोहोचते आणि त्यांतील वेळेच्या फरकावरूनच मेंदू दिशा ओळखतो. तारेला ही समज नाही. ती केवळ बेरीज जाणते.

आता हिशेब करून पाहू. ड्रम-संचावर दोन मायक्रोफोन टांगले. एक स्नेअरपासून ८० सेंटिमीटरवर, दुसरा ११४ वर. अंतरातील फरक ३४ सेंटिमीटर, वेळेतील फरक एक सहस्रांश सेकंद. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळले, तर ५०० हर्ट्झ कंप्रतेचा स्वर पुसला जाईल. तसेच १५००, २५०० आणि पुढचेही. मधले १०००, २००० मात्र उठून दिसतील. आलेख काढला तर त्याचा आकार फणीच्या दात्यांसारखा होतो. ऐकणाऱ्याला मात्र एवढेच जाणवते की, ठोका पोकळ झाला, डब्यात शिरला.

दुसरे उदाहरण याहून नित्याचे. एक मायक्रोफोन स्नेअरच्या पडद्यापासून ५ सेंटिमीटरवर आणि एक वर १ मीटरवर. फरक ९५ सेंटिमीटरचा. यात पहिला घाव सुमारे १८० हर्ट्झवर बसतो, आणि स्नेअरचा भरदारपणा बहुधा याच परिसरात असतो! म्हणजे ठोका ठसठशीत व्हावा म्हणून जो जादा मायक्रोफोन जवळ आणला, त्यानेच त्याचे अंग काढून घेतले. अशा वेळी मिश्रकावरील ध्रुवता उलटविण्याची कळ दाबून पाहावी. तिने भरतीची ओहोटी व ओहोटीची भरती होते, आणि १८० हर्ट्झपाशी झालेली वजाबाकी बेरजेत बदलते. पण एक लक्षात ठेवावे. ही कळ वेळेतील फरक मिटवीत नाही. फणीचे दाते केवळ दुसरीकडे सरकविते. म्हणून कळ दोन्ही बाजूंना लावून ऐकावे आणि कानाला जे भरीव वाटेल ते ठेवावे.

स्नेअरच्या वर व खाली असे दोन मायक्रोफोन लावतात, तेथे तर ही कळ जवळजवळ अपरिहार्य ठरते. छडी पडताच वरचा पडदा वरच्या मायक्रोफोनपासून दूर जातो, आणि आतल्या हवेच्या रेट्याने खालचा पडदा खालच्या मायक्रोफोनकडे सरकतो. एकाच ठोक्याची एकाकडे ओहोटी, दुसऱ्याकडे भरती! आपल्या गणेशोत्सवातील ढोलाच्या दोन्ही तोंडांशी मायक्रोफोन धरले तर पहिल्या क्षणी असेच घडते. ढोलाचा घुमारा ध्वनिमुद्रणात कोठे गेला, असा प्रश्न पडतो तेव्हा हे कारण आधी तपासावे.

या अडचणीवर जाणकारांनी काढलेले मार्ग फार खर्चाचे नाहीत. १९६८ च्या शरद ऋतूत लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत 'लेड झेपलिन' या वाद्यवृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे काम झाले. ड्रमवादक जॉन बॉनम, ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत एक मायक्रोफोन स्नेअरच्या वर आणि दुसरा मोठ्या टॉमच्या बाजूला असतो, आणि दोघांचे स्नेअरपासूनचे अंतर अगदी सारखे राखले जाते. जोडीला बेस ड्रमसमोर एक. अंतर सारखे म्हणजे वेळ सारखी, आणि वेळ सारखी म्हणजे भांडण नाही. त्यासाठी लागणारे उपकरण म्हणजे एक दोरा! त्याचे एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरावे आणि दुसरे दोन्ही मायक्रोफोनांस लावून पाहावे. याच वाद्यवृंदाच्या १९७१ साली निघालेल्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेतील एका गीतासाठी ग्लिन यांचे धाकटे बंधू अँडी जॉन्स यांनी हॅम्पशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या प्रवेशदालनात ड्रम मांडून जिन्यावरून अवघे दोन मायक्रोफोन खाली सोडले होते. ड्रमच्या भारदस्त नादाचा नमुना म्हणून आजही त्याच ध्वनिमुद्रणाचे नाव घेतात.

त्याहूनही जुना मार्ग ब्रिटिश अभियंते अ‍ॅलन ब्लूमलाइन यांचा. १९३१ सालच्या त्यांच्या पेटंट-अर्जात दोन मायक्रोफोन जवळजवळ एकाच जागी, परंतु वेगवेगळ्या दिशांना तोंड करून ठेवण्याची कल्पना आहे. जागा एक असल्याने वेळेचा फरक उरत नाही. डावे-उजवे मात्र कळते. मोठे पथक वाजत असेल तेव्हा ही मांडणी फार सोयीची. आणि जेथे दूरदूर मायक्रोफोन ठेवावेच लागतात, तेथे एकास तीन हा नियम पाळावा: वाद्य मायक्रोफोनपासून २० सेंटिमीटरवर असेल, तर पुढचा मायक्रोफोन पहिल्यापासून निदान ६० सेंटिमीटर दूर असावा. तेथवर पोहोचताना ध्वनीचा दाब साधारण एक तृतीयांश होतो आणि त्याची खोडी सौम्य राहते. ड्रम-संचाच्या दाटीत हा नियम सर्वत्र पाळता येत नाही. मायक्रोफोन कमी ठेवावेत, असे मी म्हणतो त्याचे हेही एक कारण.

आमचे तरुण मित्र म्हणतील, आता संगणकावर प्रत्येक मार्ग हवा तितका पुढेमागे सरकविता येतो. खरे आहे; पण वरचा मायक्रोफोन स्नेअर, टॉम आणि सिंबल या सर्वांना वेगवेगळ्या अंतरांवरून ऐकत असतो. स्नेअरसाठी तो जुळविला की टॉमशी त्याचे बिनसते. सर्वांना सोयीची अशी एकच दुरुस्ती नसते. आणि सारे मायक्रोफोन जागच्या जागीच मिसळून मुद्रित केले असतील, तर जे पुसले गेले ते पुसलेच गेले.

हा दोष आणखी एका कारणाने फसवा आहे. डावा-उजवा असे दोन कर्णे असलेल्या खोलीत तो लपून राहतो. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की उघडा पडतो. आपले ध्वनिमुद्रण ऐकले जाणार कोठे? मांडवातल्या कर्ण्यावर, आणि गावाकडच्या आजीच्या हातातील फोनच्या इवल्याशा भोकातून. म्हणून अखेरची पारख नेहमी एकाच कर्ण्यावर करावी.

तेव्हा माझी शिफारस अशी. वर दोन, बेस ड्रमला एक, स्नेअरला एक, असे चार मायक्रोफोन पुरेत. प्रत्येकाचा मार्ग स्वतंत्र मुद्रित व्हावा. आदल्या संध्याकाळी दोरा घेऊन तासभर मांडणी करावी आणि एका कर्ण्यावर ऐकावे. वाचलेल्या पैशातून आरत्यांसाठी एखादा दिवस अधिक घ्यावा. त्या आरत्यांत ज्यांचे स्वर आहेत, त्यांतील काही जण मंडळाच्या स्थापनेपासून आपल्याबरोबर आहेत. अमृतमहोत्सवाला आपली नातवंडे हे ध्वनिमुद्रण काढून ऐकतील, तेव्हा फेरमुद्रणासाठी ती माणसे बोलावता येणार नाहीत. त्यांचा आवाज आपल्याच निष्काळजीपणाने पातळ होऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.