ऑटोमेशन टेस्टिंग: क्लासची फी भरण्याआधी दोन संध्याकाळी



आजचा विषय ऑटोमेशन टेस्टिंग. आपल्याकडून डिग्री घेऊन पुण्याला नोकरी शोधायला गेलेल्या पोरापोरींच्या कानावर हा शब्द लगेच पडतो. पाठोपाठ क्लासची फी कानावर पडते आणि घरी फोन जातो. फी भरायची का नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्याआधी एक लॅपटॉप घेऊन दोन संध्याकाळी बसा. स्वतःचा नसेल तर मित्राचा घ्या. लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे.

आधी हे काम काय ते बघू. एखाद्या अ‍ॅपमध्ये कंपनीनं एक छोटासा बदल केला, तरी आधीचं सगळं चालतंय का हे पुन्हा तपासावं लागतं. लॉगिन होतंय का, फॉर्म जमा होतोय का, पैसे कटल्यावर पावती येतेय का. हाताने दर वेळी तेच तेच करून माणूस कंटाळतो आणि नेमकं काहीतरी सुटतं. म्हणून ते क्लिक करायचं काम प्रोग्रामवर सोपवायचं. झालं ऑटोमेशन.

याचं सगळ्यात गाजलेलं टूल म्हणजे सेलेनियम. २००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी ते सुरू केलं. नावात गंमत आहे. तेव्हा मर्क्युरी नावाची कंपनी महागडं टेस्टिंग सॉफ्टवेअर विकायची. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर उतारा म्हणून सेलेनियम! आपल्या महाराष्ट्रातलं नाव सांगायचं तर ब्राउझरस्टॅक. रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल या आयआयटी मुंबईच्या दोघांनी २०११ मध्ये मुंबईत सुरू केलेली कंपनी. वेगवेगळ्या ब्राउझरवर आणि खऱ्याखुऱ्या मोबाइलवर वेबसाइट तपासायची सोय ती जगभरातल्या कंपन्यांना देते.

आता आपली सुरुवात. मी प्लेराइट हे टूल सुचवीन. मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये आणलेलं. आधी लॅपटॉपवर नोड जेएस टाका. मग प्लेराइटच्या वेबसाइटवर इन्स्टॉलेशनची एक ओळ दिलीय, ती टर्मिनलमध्ये चालवा. ‘ब्राउझर डाउनलोड करू का’ असं विचारलं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर ‘नाही’ म्हणा आणि नंतर एकटं क्रोमियम उतरवा. नाहीतर तीन-तीन ब्राउझर येतात आणि दिवसाचा डेटा तिथंच संपतो.

सराव कुठं करायचा? ‘सॉस डेमो’ नावाचं एक खोटं दुकान आहे. हगिन्स यांनीच २००८ मध्ये साथीदारांसोबत काढलेल्या सॉस लॅब्स कंपनीचं. युजरनेम आणि पासवर्ड लॉगिनच्या पानावरच लिहिलेत. प्लेराइटचं ‘कोडजेन’ चालू करा आणि नेहमीसारखं लॉगिन करा. तुम्ही क्लिक कराल तसतसा बाजूला कोड लिहिला जातो. पहिल्यांदा बघताना भारी वाटतं!

पण खरी गोष्ट इथून पुढं आहे. त्या दुकानात ‘प्रॉब्लेम युजर’ नावाचा एक युजर मुद्दाम ठेवलाय. त्याच्या नावानं लॉगिन करा. लॉगिन व्यवस्थित होतं, सहाच्या सहा वस्तू दिसतात, तुमची टेस्ट हिरवी होते. आणि पडद्यावर बघाल तर प्रत्येक वस्तूच्या जागी एकाच कुत्र्याचा फोटो! टेस्टनं का नाही सांगितलं? कारण तुम्ही तिला फोटोचं विचारलंच नव्हतं. टूल फक्त विचारलेल्याचं उत्तर देतं. काय विचारायचं, हे डोकं आपलं.

म्हणून दोन सवयी लावा. एक, कोडच्या आधी वहीत लिहा: काय करणार, आणि काय दिसायला पाहिजे. दुसरी, टेस्ट पास झाली की ती मुद्दाम फेल करून बघा. ‘प्रॉडक्ट्स’ हा शब्द दिसावा असं लिहिलंय ना? तिथं दुसराच शब्द टाका. टेस्ट लाल झाली तर ती खरंच तपासतेय. तरीही हिरवीच राहिली, तर ती टेस्ट काही कामाची नाही.

आणि हे विचारण्याचं डोकं आपल्याकडं कमी नाही, बरं का. आपल्या बीड जिल्ह्याचं नाव इंग्रजीत दोन तऱ्हेनं लिहितात. कुठं डबल ई, तर जनगणनेत नुसता आय. अंबाजोगाईचंही तेच. मग यादीत एकच स्पेलिंग असेल तर दुसरं टाकणाऱ्याला गाव सापडेल का? घरात मोबाइल एकच असेल तर एका नंबरवर दोन भावांचे फॉर्म भरता येतील का? ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा नंबर बदलला तर ओटीपी कुणाकडं जाणार? नेट मध्येच गेलं तर भरलेला फॉर्म राहतो की पुसला जातो? शेवटच्या तारखेला सेवा केंद्रासमोर रांगेत उभ्या माणसाला याच चुका नडतात. एसीत बसून अ‍ॅप बनवणाऱ्याला हे प्रश्न सुचतीलच असं नाही. तुम्हाला न शिकवता माहीत आहेत. मुलाखतीत ‘मला सेलेनियम येतं’ म्हणणारे खूप भेटतात. असे दहा प्रश्न मांडणारा लक्षात राहतो.

एक सांगून ठेवतो. सरकारी पोर्टलवर किंवा बँकेच्या साइटवर परवानगीशिवाय असला प्रोग्राम चालवू नका. सराव फक्त सरावाच्या साइटवर.

तर या आठवड्याचा अभ्यास: पाच टेस्ट. बरोबर लॉगिन, चुकीचा पासवर्ड, लॉक झालेला युजर, कार्टमध्ये वस्तू टाकणं, आणि तो कुत्र्याचा फोटो पकडणं. पाचवी जमली की गिटहबवर टाका आणि ती लिंक बायोडेटात द्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर, हिरवं दिसलं म्हणून लगेच विश्वास ठेवू नका!