सुरक्षित कोण : आमदार की मतदार?

(हुपरी येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



हुपरी हे चांदीचे गाव आहे. टंच पाहिल्याशिवाय इथे कोणी माल घेत नाही. देणारा सख्खा भाऊ असला तरी कस लावूनच घेतात. त्याचा कोणाला राग येत नाही. मात्र मतदानाच्या दिवशी टंच पाहायची ही सवय आपण घरी ठेवून जातो. 'आपला माणूस', 'आपलं घराणं', 'आपला पक्ष' एवढे कानावर पडले की पुरे. मग पाच वर्षांनी आपणच विचारत बसतो की माल खोटा कसा निघाला.

आज आम्ही एका आमदाराचा हिशेब तुमच्यापुढे मांडणार आहोत. तो आमच्या संघटनेचा नव्हे, शेतकरी कामगार पक्षाचा. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख. 30 जुलै 2021 रोजी ते वारले. त्यांच्या सगळ्या मतांशी आम्ही सहमत होतो असे नाही. पण त्यांच्या निवडणुकांच्या आकड्यांत शेतकऱ्याने शिकावे असे पुष्कळ आहे.

1962 साली ते पहिल्यांदा निवडून आले. 1967 ला पुन्हा आले. 1972 ला पडले. 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. त्यानंतर 1978, 1980, 1985 आणि 1990 असे लागोपाठ जिंकले. 1995 ला पुन्हा पडले. पुढे 1999, 2004, 2009 आणि 2014. एकूण 13 लढती, 11 विजय, आणि सगळे एकाच तालुक्यातून. तमिळनाडूचे करुणानिधी 13 वेळा निवडून आले, पण त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले. केरळात के. एम. मणी यांनी पाला या एकाच मतदारसंघातून 13 वेळा निवडणूक जिंकली. देशमुखांना त्याच रांगेत बसवावे लागेल.

आता आमचा प्रश्न ऐका. सांगोला हा 'सुरक्षित' मतदारसंघ होता का? वर्तमानपत्रे तसे लिहीत आली. पण 1995 साली देशमुख किती मतांनी पडले? 192. एखाद्या वाडीतली मते तेवढी असतात. एवढ्या मतांनी तेहेतीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा निवडून आलेला आमदार घरी बसला. आणि 2019 साली वयोमानामुळे ते स्वतः थांबले, त्यांचे नातू उभे राहिले, ते 768 मतांनी हरले. दोन्ही वेळा जिंकणारा माणूस एकच, शहाजीबापू पाटील. 2024 ला पारडे पुन्हा फिरले. देशमुखांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख 25 हजारांहून अधिक मतांनी जिंकले, आणि शहाजीबापू पडले.

म्हणजे सांगोल्याची जागा कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेली नव्हती. पाल्यातही तेच झाले. एप्रिल 2019 मध्ये मणी गेले आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत मतदारांनी दुसऱ्या बाजूचा माणूस निवडला. 2021 ला मणींचा मुलगा उभा राहिला, त्यालाही नाकारले. माणसाला दिलेले मत वारसाहक्काने पुढे जात नाही, हे तिथल्या मतदाराला नीट कळत होते.

आता आपल्या घरचा हिशेब. आपला लोकसभा मतदारसंघ आधी इचलकरंजी होता, 2009 पासून तो हातकणंगले झाला. 1977 पासून 1991 पर्यंत बाळासाहेब माने इथून लागोपाठ पाच वेळा गेले. 1996 आणि 1998 ला कल्लाप्पाण्णा आवाडे, 1999 आणि 2004 ला निवेदिता माने. 2009 ला शेतकरी आंदोलनातून आलेले राजू शेट्टी सुमारे 95 हजारांनी जिंकले, 2014 ला पावणेदोन लाखांवर. तेव्हा सगळे म्हणू लागले की ही जागा आता शेतकऱ्यांचीच. 2019 ला तीच जागा सुमारे 96 हजारांनी गेली, धैर्यशील माने निवडून आले. 2024 ला ते पुन्हा आले, पण साडेतेरा हजारांच्या आतबाहेर, आणि शेट्टी तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

पावणेदोन लाखांचे मताधिक्य पाच वर्षांत कुठे गेले? काही जण म्हणतात जात आली, काही म्हणतात पैसा आला, काही म्हणतात देशात हवा होती. यातले थोडे थोडे सगळे खरे असेल. पण चळवळीतल्या माणसांनी एक गोष्ट स्वतःशी कबूल केली पाहिजे. मताधिक्य म्हणजे बँकेतली ठेव, ती व्याजासह वाढत राहणार, असे आपण समजलो. खरे तर ते उभ्या पिकासारखे असते. एक हंगाम पाणी चुकले की गेले.

मग वर्षानुवर्षे टिकणारी जागा टिकते कशावर? आम्हाला दोन वाटा दिसतात.

पहिली वाट आपल्या ओळखीची. कारखाना, बँक, दूधसंघ, शाळा, सगळे एका हाती. उसाला तोड हवी, कर्जाला सही हवी, पोराला नोकरी हवी. कोणी धमकी द्यावी लागत नाही. चिटबॉय फडाकडे फिरकला नाही की शेतकऱ्याला समजते. ऊस वाळला तर वजन घटते, आणि वजन घटले तर वर्षाचा हिशेब कोलमडतो. 2019 चे मतदान 21 ऑक्टोबरला झाले, 2024 चे 20 नोव्हेंबरला. म्हणजे ऊस फडात उभा असतानाच आपण बटण दाबतो. त्यातून मतमोजणी यंत्रावर, आकडे बूथनिहाय जाहीर होतात. कोणत्या गावाने काय केले, ते संध्याकाळपर्यंत पुढाऱ्याच्या टेबलावर असते. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजावीत, अशी सूचना निवडणूक आयोगाने 2008 साली सरकारला केली होती. सरकारने ती मानली नाही. अशा जागेत सुरक्षित असतो तो आमदार. मतदार असुरक्षित असतो.

दुसरी वाट देशमुखांची. त्यांचा पक्ष राज्यात लहान. 1978 आणि 1999 साली ते मंत्री झाले, बाकी आयुष्य बहुतेक विरोधी बाकावर गेले. एस. टी.ने फिरणारा आमदार म्हणून राज्य त्यांना ओळखत होते. ज्या भागात कापूस पिकत नाही तिथे त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेत ते वर्षानुवर्षे उभे राहिले.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सूतगिरणी हीसुद्धा संस्थाच, तिथेही नोकऱ्या देता येतात. शिवाय पन्नास वर्षे एकच आमदार असून टेंभू-म्हैसाळच्या पाण्यासाठी सांगोल्याने इतकी दशके का थांबावे? सत्तेतला आमदार असता तर पाणी लवकर आले नसते का? आम्ही हा आक्षेप उडवून लावणार नाही. सज्जन आमदारालाही हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण उलटही पाहा. ज्या तालुक्यांनी सत्तेतले आमदार दिले, त्या सगळ्यांच्या शेतकऱ्याला मालाचा भाव मिळाला का? पाणी येते, रस्ता येतो, आणि पिकवलेल्या मालाचे दाम मात्र मुंबई-दिल्लीत ठरते. त्या वेळी आपला आमदार कुठल्या बाकावर बसला आहे यापेक्षा तो तोंड उघडतो की नाही, हे महत्त्वाचे.

आमच्या मते सांगोल्याचा धडा असा. देशमुख 11 वेळा जिंकले त्याला मतदारांनी त्यांना दोनदा पाडले हेही एक कारण आहे. 192 मतांचा फटका ज्याला बसला आहे, तो पुढच्या वेळी कोणत्याही वाडीला गृहीत धरत नाही. पाडता येतो हे आमदाराला ठाऊक असले तरच तो कामाचा राहतो.

म्हणून इथून जाताना एक काम घेऊन जा. प्रत्येक गावात शंभर पानी वही घाला. आपला आमदार आणि खासदार गावात कधी आला, सभागृहात ऊस, वीज आणि पाणी यांवर काय बोलला, भावाच्या प्रश्नावर कोणाच्या बाजूने उभा राहिला, तारखेसह लिहा. ऐकीव लिहू नका. जो माणूस आपल्या चळवळीतून निवडून गेला असेल, त्याचे पान पहिले ठेवा. मतदानाच्या आठ दिवस आधी ती वही चावडीत मोठ्याने वाचा. मत कोणाला द्यायचे हे आम्ही सांगणार नाही. ते वहीच सांगेल.

चांदीचा टंच पाहणाऱ्या गावाला एवढे अवघड जाऊ नये.