पंखा चालू राहू द्या

१८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाईंनी तोंडी तलाकविरुद्ध सात महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला. तो आपण फोटोत पाहतो. पुसदमध्ये आपण ज्यांची मनोगतं नोंदवतोय, त्यातल्या काही बहिणींना चेहरा दाखवायचा नाही. मग उरतो आवाजच. कॅमेऱ्यावरचा माईक लांबून पंखाच जास्त ऐकतो, आणि इथल्या उन्हाळ्यात पंखा बंद करा म्हणायची माझी तरी हिंमत नाही! साधा वायरवाला कॉलर माईक घ्या. हनुवटीखाली एक वीत, ओढणी घासणार नाही असा. अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पंखा तेवढाच राहतो. माईक तिचा तिलाच लावू द्या. हेडफोन घालून आधी तपासा. तेच दुःख दुसऱ्यांदा सांगायला लावू नका.